पार्श्वभूमी : मोटरबोटींच्या शर्यती आणि ‘क्लास’ नावाचा घोळ

2017 च्या मार्चमध्ये मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून ज्यांनी पॉवरबोटींची शर्यत पाहिली, त्यांच्या डोक्याला फार ताप झाला नाही. सगळ्या बोटी एकाच साच्यातल्या, 28 फुटी, मागे 250 अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. जी पुढे ती पुढे. पण या खेळाच्या सव्वाशे वर्षांत हिशोब इतका सोपा क्वचितच राहिला. बहुतेक वेळा पाण्यात लहान, मोठ्या, जड, हलक्या अशा सगळ्याच बोटी उतरल्या आणि कोण जिंकलं ते ठरवायला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं.

पहिला उपाय होता हँडिकॅपचा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेलेल्यांना हा शब्द नवा नाही. तिथे चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, बोटींच्या बाबतीत कमकुवत बोटीला वेळेची सूट मिळायची. अमेरिकेतला गोल्ड कप, म्हणजे मोटरबोटींच्या शर्यतीचा करंडक, 1904 साली हडसन नदीवर सुरू झाला, तेव्हा विजेत्या बोटींचा सरासरी वेग ताशी 23 ते 25 मैल होता. पुढच्या वर्षी सुटीच्या जोरावर जी बोट जिंकली तिचा वेग जेमतेम 15 मैल. करंडक सेंट लॉरेन्स नदीवरच्या लोकांनी नेला, आणि 1906, 1907 लाही तो तिकडेच राहिला. ज्यांच्या मोठ्या बोटी हरल्या त्यांची मनःस्थिती समजू शकते.

1908 च्या ऑलिम्पिकमध्ये, साउदॅम्प्टनजवळच्या खाडीत, सूट काढून वर्ग आणले. अ वर्गाला मर्यादाच नाही, ब वर्ग 60 फुटांखालच्या बोटींचा, क वर्ग साडेसहा ते आठ मीटरच्या बोटींचा. आता आठ मीटरची बोट 60 फुटांखाली येणारच. एकाच छोट्या बोटीने ब आणि क ही दोन्ही सुवर्णपदकं नेली. हवा इतकी वाईट होती की तिन्ही वर्गांत शेवटपर्यंत एकेकच बोट पोचली. त्या दुहेरी विजेत्या बोटीत तिघे होते, त्यातल्या एकाचं मुख्य काम आत आलेलं पाणी उपसण्याचं होतं. ऑलिम्पिकमध्ये मोटरबोटी पुन्हा दिसल्या नाहीत.

हँडिकॅप का मोडीत निघाला, यामागे पाण्याचं साधं शास्त्र आहे. पाणी कापत जाणारी बोट स्वतःच्याच लाटेत अडकते, त्यामुळे तिचा वेग तिच्या लांबीशी बांधलेला असतो. लांबी आणि इंजिनचं माप हातात असलं की कोणाला किती सूट द्यायची याचं गणित मांडता येतं. बोटीच्या तळाला पायरी काढली आणि पुरेशी ताकद लावली की ती पाण्यावर उचलली जाते, घसरत जाते. ही झाली हायड्रोप्लेन. तिला लांबीचं बंधन फारसं उरत नाही आणि जुनं गणित कोलमडतं.

आता 1922 चा निर्णय. यावर आजही वाद घालणारे लोक भेटतात, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं मर्म तिथेच आहे. 1917 ते 1921 अशी सलग पाच वर्षं गोल्ड कप डेट्रॉइट परिसरातल्या एकाच उद्योगपतीच्या हातात गेला. गडी श्रीमंत होता, हुशार होता, आणि पहिल्या महायुद्धानंतर विमानांची इंजिनं मिळवणं त्याला जड नव्हतं. 1920 ची त्याची बोट पायरीच्या तळाची होती, पोटात विमानाची दोन बारा-सिलिंडरी इंजिनं. 30 मैलांच्या एका फेरीत तिने ताशी 70 मैलांची सरासरी गाठली. तिच्यासमोर उभं राहायचं तर तेवढाच पैसा हवा. इतरांनी काय करायचं? काठावर बसून टाळ्या वाजवायच्या?

नियामक संघटनेने 1922 पासून नियमच फिरवला. इंजिनचं माप, म्हणजे सिलिंडरांच्या आतली एकूण जागा, 625 घनइंचांपेक्षा, म्हणजे साधारण दहा लिटरपेक्षा मोठं नको. तळाला पायरी नको. लांबी किमान 25 फूट. विमानाच्या एकेका इंजिनाचं माप 27 लिटर होतं, हे लक्षात घेतलं तर नियम कोणाला डोळ्यासमोर ठेवून लिहिला होता ते वेगळं सांगायला नको. त्या वर्षी विजेत्याचा वेग ताशी सुमारे 40 मैलांवर उतरला.

टीका करणारे म्हणतात, एका माणसाला हरवता येईना म्हणून त्याची बोटच बाद केली. आरोप खोटा नाही. पण मला तो निर्णय तितका वाईट वाटत नाही. एकच बोट जिंकणार हे आधीच ठाऊक असेल तर ती शर्यत कसली, ती मिरवणूक. शिवाय त्या उद्योगपतीची दारं बंद झाली नव्हती. ज्या आंतरराष्ट्रीय करंडकासाठी 40 फुटांच्या लांबीपलीकडे जवळजवळ काहीच अट नव्हती, तिथे तो पुढेही धावत राहिला आणि जिंकत राहिला. खटकतं ते इतकंच की करंडकाचं नाव तेच ठेवलं. आतला वर्ग बदलला, पाटी जुनीच. त्यामुळे विजेत्यांची यादी वाचताना 1921 आणि 1922 या दोन ओळींमध्ये एक अख्खी भिंत आहे, हे कळतच नाही. ‘क्लास’ या शब्दाचा घोळ इथून सुरू होतो. बोटीचा क्लास, शर्यतीचा क्लास आणि करंडकाचा क्लास या तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या. पुढे तर ‘अनलिमिटेड’ हेसुद्धा एका वर्गाचं नाव झालं, आणि त्यालाही नियमावली आली!

ही भिंत 1946 मध्ये पडली. दुसऱ्या महायुद्धातली शिल्लक विमान-इंजिनं स्वस्तात मिळू लागली होती, म्हणून मर्यादा उठवल्या. डेट्रॉइटला तसं इंजिन बसवलेली बोट आणि युद्धापूर्वीच्या वर्गातली बोट एकाच रेषेवर आल्या. जिंकली जुनी बोट. 1939 आणि 1941 चा गोल्ड कप वेगळ्या नावाने जिंकलेली हीच बोट आता एका वाद्यवृंदाच्या प्रमुखाने विकत घेतली होती. 1920 चा वेगाचा विक्रमही तिनेच मोडला. अर्थात ही मजा फार टिकली नाही. मोठी इंजिनं पाण्यात रुळली आणि लहानांचा काळ संपला.

1980 च्या दशकात तोच खेळ युरोपात नव्याने रंगला, यावेळी आउटबोर्ड बोटींत. वर्गांची नावं अक्षरी होती : ‘ओएन’ म्हणजे दोन लिटरपर्यंत, ‘ओझेड’ म्हणजे त्यापुढे मर्यादा नाही. एका अमेरिकी इंजिन कंपनीने साडेतीन लिटरचं व्ही-8 आणलं. प्रतिस्पर्धी कंपनीने त्याला उत्तर द्यायचं नाकारलं आणि दोन लिटरवर पाय रोवले. चालक फुटले, मालिका दोन झाल्या. ‘फॉर्म्युला वन’ हे नाव मोठ्या इंजिनवाल्यांकडे गेलं. मात्र बोटींचे सांगाडे त्या ताकदीला पुरेसे नव्हते, चालक उघड्यावर बसत. 1984 मध्ये बेल्जियममधल्या लिएजच्या शर्यतीत एक नावाजलेला ब्रिटिश चालक मरण पावला. त्या हंगामातला तो पहिला मृत्यू नव्हता. मोठ्या इंजिनांची युरोपातली मालिका तिथेच आटोपली. चालकाला कवच देणारी मजबूत कोठडी त्यानंतर आली. आणि ‘फॉर्म्युला वन’ हे नाव 1990 मध्ये दोन लिटरवाल्यांना मिळालं. पुन्हा तेच : पाटी जुनी, आत वेगळा वर्ग.

अमेरिकेत त्याच सुमारास चिनूक हेलिकॉप्टरचं टर्बाइन इंजिन हायड्रोप्लेनमध्ये शिरलं. 1982 मध्ये टर्बाइनने पहिली शर्यत जिंकली. पिस्टन आणि टर्बाइन यांची तुलना घनइंचात करता येत नाही, कारण टर्बाइनला सिलिंडरच नाही. म्हणून मोजायची गोष्टच बदलली. टर्बाइनला मिनिटाला किती इंधन जाळता येईल यावर मर्यादा आली, बराच काळ ती 4.3 गॅलन होती. मर्यादा ओलांडली की दंड. मला हा नियम 1922 च्या नियमापेक्षा चतुर वाटतो. बोटीला बाहेर न काढता फक्त तिच्या घशाला लगाम घातला.

वेगवेगळे वर्ग खरोखर एकत्र धावताना बघायचे तर फ्रान्समधल्या रूआँचं नाव घ्यावं लागतं. 1964 पासून तिथे सीन नदीतल्या लाक्रवा बेटाभोवती 24 तासांची शर्यत होत आली. लहान इंजिनं, मोठी इंजिनं, सगळी एकाच वळणावर. सूट नाही, प्रत्येक वर्गाचा निकाल वेगळा. पाहणाऱ्याचं डोळ्यात तेल घालून बघणं मात्र चुकत नाही, कारण जी बोट पुढून जाते ती तुमच्या वर्गात आहे की नाही हे तिच्यावरचा क्रमांक वाचल्याशिवाय कळत नाही.

अमेरिकेच्या किनाऱ्यांवरच्या समुद्री शर्यतींत आता आणखी एक तऱ्हा आहे. हौशी बोटवाल्यांसाठी वर्ग इंजिनवरून न ठरवता वेगावरून ठरवतात. प्रत्येक वर्गाला वेगाची एक कमाल रेषा. बोटीत जीपीएस. इंजिन कुठलंही बसवा, बोट जुनी असो वा नवी, विचारणार कोणी नाही. फक्त रेषा ओलांडली की दंड होतो, मग अंतिम खुणेवर तुम्ही कितीही आधी पोचलेले असा. चालकाशेजारी बसलेल्याची नजर त्यामुळे लाटांवर कमी आणि त्या छोट्या पडद्यावरच्या आकड्यावर जास्त असते.