गोवराची पासष्ट वर्षे टिकलेली आठवण

1781 नंतर उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांकडे गोवर फिरकला नव्हता. 1846 साली कोपनहेगनहून आलेल्या एका सुतारासोबत तो पुन्हा तेथे पोहोचला आणि काही महिन्यांत सुमारे 7,800 रहिवाशांपैकी जवळजवळ 6,000 जणांना त्याने गाठले. डेन्मार्क सरकारने पाठवलेले तरुण डॉक्टर पीटर पानुम यांनी गावोगाव हिंडून नोंदी केल्या, तेव्हा 1781च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नसल्याचे त्यांना आढळले. ‘गोवर एकदा निघाला की पुन्हा निघत नाही’ हे आपल्याकडच्या आज्यांनाही ठाऊक होते. पानुम यांनी त्याला आकड्यांचा आधार दिला.

ही किमया अर्जित, म्हणजे जन्मानंतर कमावलेल्या, प्रतिकारशक्तीची. आपल्या शरीरातील बी आणि टी या प्रकारच्या असंख्य पांढऱ्या रक्तपेशींपैकी मोजक्याच पेशींची घडण गोवराच्या विषाणूशी जुळते. विषाणू शिरला की त्या पेशी लसिका ग्रंथींमध्ये झपाट्याने वाढतात. बी पेशींपासून प्रतिपिंडे (विषाणूला चिकटून त्याला निष्प्रभ करणारी प्रथिने) तयार होतात, तर काही टी पेशी बाधित पेशींना मारतात. या तयारीला एक-दोन आठवडे लागतात आणि तेवढ्यात माणूस आजारी पडतो. मात्र त्यांतील काही पेशी स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात आणि तोच विषाणू पुन्हा आला की त्याला ओळखून लगेच कामाला लागतात. दुर्बल केलेला जिवंत विषाणू वापरून लस हीच आठवण आजाराविना निर्माण करते.

फेरोमधील ते वृद्ध वाचले, पण बेटे वाचली नाहीत, कारण आठवण असलेली माणसे फार थोडी होती. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर गोवराचा एक रुग्ण 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो. म्हणून साथ रोखायला सुमारे 95 टक्के लोकांना संरक्षण असावे लागते. यात सर्वांत नाजूक स्थिती तान्ह्या बाळांची असते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीतील विषाणूलाही निष्प्रभ करू शकतात, त्यामुळे भारतात पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान देतात. आईची प्रतिपिंडे ओसरल्यापासून पहिल्या डोसपर्यंत बाळाचे रक्षण भोवतालच्या लसवंत माणसांवरच अवलंबून असते.

‘मग गोवर येऊन गेलेलाच बरा’ असे अजूनही ऐकू येते. न्यूमोनिया आणि मेंदूज्वराचा धोका क्षणभर बाजूला ठेवला, तरी हा हिशेब चुकतो. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींनाच बाधित करून मारतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त तपासले असता, इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या साठ्यातील 11 ते 73 टक्के भाग नाहीसा झाल्याचे 2019 मध्ये दिसून आले. लसीने असे घडत नाही.