दोन शेतकरी कंपन्या एक करायच्या आहेत? मर्जर की अमाल्गमेशन ते आधी ठरवा

आपल्या यवतमाळ-वाशिम पट्ट्यात गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या झाल्या, एकीकडं डाळ मिल आहे तर तूर पुरत नाही, दुसरीकडं सभासद भरपूर तर गोडाऊन नाही, मग दोघी एक करू असं बोलणं निघते. चांगलंच आहे ते. पण ठरावात शब्द कोणता टाकायचा हे कोणी पाहत नाही. आम्ही "विलीनीकरण/एकत्रीकरण" असे दोन्ही लिहून मोकळे झालो, सीएनं कागद वापस केला, अन् पुन्हा नोटीस काढून आमसभा घ्या लागली, तेही ऐन सोयाबीन सोंगणीत.

फरक असा. मर्जरमध्ये एक कंपनी दुसरीत जाते, जाणारीची नोंदणी रद्द होते अन् राहणारीचं नाव, पॅन, जीएसटी, बँक खातं चालूच राहते. अमाल्गमेशनमध्ये दोघी मिळून तिसरी नवीन कंपनी उभी राहते, ती नोंदली की जुन्या दोन्ही संपल्या, म्हणजे पॅनपासून खत-बियाण्याच्या लायसनपर्यंत सगळं नव्यानं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३७८ झेडएनमध्ये उत्पादक कंपन्यांसाठी हे दोन रस्ते वेगवेगळे लिहिले आहेत. बँकेवरून अंदाज लावू नका, २०१९ मध्ये देना बँक बँक ऑफ बडोदात गेली, नाव बडोद्याचंच राहिलं, तरी सरकारी कागदावर शब्द अमाल्गमेशनच होता.

माझं मत विचाराल तर लहान कंपन्यांनी मर्जरच करावं. "आमचं नाव काहून पुसायचं" यावरच अडत असेल तर मग नवीन काढा, पण खर्च अन् चकरा दोन्ही वाढतात.

दोघी उत्पादक कंपन्याच पाहिजे. गावची सेवा सोसायटी यात बसत नाही, तिच्यासाठी सहकार कायदा १९६० चं कलम १७ आहे. नवीन कंपनी काढली तर संचालक कमीत कमी ५, जास्तीत जास्त १५.

आता प्रक्रिया. आधी दोन्ही संचालक मंडळात बोलणी पक्की करा, मग ठरावाच्या मसुद्याची प्रत जोडून सगळ्या सभासदांना अन् सगळ्या देणेकऱ्यांना लेखी नोटीस द्या, यात कर्ज देणारी बँक आली अन् ज्याच्याकडं बियाण्याची उधारी आहे तो दुकानदारही आला. आमसभेची नोटीस किमान १४ दिवस आधी. नुसत्या हजर लोकांच्या टाळ्यांवर हे होत नाही, एकूण सभासदांचं बहुमत अन् हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, एवढं लागते. ज्याला पटत नाही त्या सभासदाला एक महिन्यात मंडळाच्या मंजुरीनं आपले शेअर दुसऱ्या सक्रिय सभासदाला देता येतात, देणेकऱ्याला आपला पैसा काढून घेता येतो, अन् जो गप्प बसला त्याची संमती धरली जाते. म्हणून भाऊ, घरी नोटीस आली तर फळीवर टाकून देऊ नका. तक्रार असेल तर ठरावापासून ३० दिवसात एनसीएलटीकडं, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडं, अपील, आपल्यासाठी ते मुंबईला.

कागदपत्रं: दोघींचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, घटना अन् नियमावली, ऑडिट झालेला ताळेबंद, कर्ज अन् उधारीची यादी, जागेचा सातबारा नाहीतर भाडेपत्र. पण खरं अडते ते सभासद रजिस्टरवर. आमच्या रजिस्टरात एकाच बाईचं नाव तीन पानांवर तीन तऱ्हेनं, एकदा माहेरच्या आडनावानं, एकदा सासरच्या, एकदा नुसतं "बाई" लावून, अन् वारलेल्या सात जणांचे शेअर तसेच पडून होते. बहुमत मोजायचं तर आधी सभासद किती ते तर पक्कं पाहिजे! समाज मंदिराच्या ओट्यावर बसून आधार कार्ड अन् शेअरची पावती लावून एकेक नाव जुळवलं, तेव्हा कुठं आकडा बसला.

मिल नाहीतर गोडाऊन अनुदानातलं असेल तर त्या योजनेच्या कार्यालयाला ठरावाच्या आधीच लेखी विचारा अन् उत्तर फाईलला लावा. ठरावात मालमत्ता, कर्ज, जुन्या शेअरच्या बदल्यात किती शेअर मिळणार अन् मिलवरच्या माणसांच्या नोकरीचं काय, हे सगळं आकड्यासहित लिहा, "नंतर ठरवू" असं एकही वाक्य त्यात राहू देऊ नका.