कैलास लेणे, वेरूळ

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील खुलताबाद तालुक्यात, वेरूळ येथे असलेले एकाश्म (एकाच अखंड खडकात कोरलेले) शिवमंदिर. वेरूळच्या 34 क्रमांकित लेण्यांत (1–12 बौद्ध, 13–29 हिंदू, 30–34 जैन) त्याचा क्रमांक 16 आहे. रूढार्थाने हे लेणे नव्हेच. लेण्यात डोंगराचे पोट पोखरून दालन काढतात. येथे डोंगरमाथ्यापासून कातळ उतरवत जाऊन मंदिर भोवतालच्या खडकापासून सुटे केले आहे.

कालनिश्चिती : मंदिरावर निर्मात्याचे नाव सांगणारा लेख नाही. मुख्य आधार दूरचा आहे. गुजरात शाखेचा राष्ट्रकूट राजा कर्क सुवर्णवर्ष याच्या बडोदे ताम्रपटात (शक 734, इ. स. 812–13) कृष्णराजाने एलापुरात उभारलेल्या वास्तूचे वर्णन येते. ती पाहून विमानस्थ देवांना ती स्वयंभू वाटली आणि खुद्द शिल्पकारालाही ‘हे मी कसे घडवले?’ असा विस्मय पडला, असा त्याचा आशय. एलापूर म्हणजे वेरूळ आणि ही वास्तू म्हणजे कैलास, हे समीकरण रा. गो. भांडारकरांनी मांडले. तत्पूर्वी हा मजकूर टेकडीवरील ठाण्याविषयी आहे, असा अर्थ घेतला गेला होता. पण देवांना स्वयंभू वाटावी अशी वास्तू म्हणून ठाणे किंवा गढी पटत नाही. त्यामुळे राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला (कार. सु. 756–73) हाच कर्ता सर्वसाधारणपणे मान्य आहे.

वाद उरतो तो आरंभाचा. शेजारच्या दशावतार लेण्यात (क्र. 15) राष्ट्रकूटांची वंशावळ देणारा अपूर्ण लेख असून तो कृष्णाच्या आधीचा राजा दंतिदुर्ग याच्यापर्यंत येऊन थांबतो. दंतिदुर्गाचे वेरूळशी असलेले नाते त्यातून दिसते. त्यावरून व शैलीभेदावरून कलेतिहासकार हेर्मान ग्योट्स यांनी आरंभ दंतिदुर्गाकडे दिला आणि पुढचे काम अनेक राजवटींत विभागले. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांच्या मते मात्र गोपुर, नंदीमंडप, मुख्य मंदिर, हत्तींचे जोते व ध्वजस्तंभ ही एकाच संकल्पनेची अंगे असून ती मुख्यतः कृष्णाच्याच काळातली आहेत. प्रांगणाच्या उत्तरेकडील लंकेश्वर हे लेणे व भोवतालची काही दालने नंतरची. खोदकामाची रीत पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वरून खाली येणाऱ्या कामात तळमजल्याची जागा शिखर घडवतानाच ठरलेली असावी लागते. मधेच आराखडा वाढवायला वाव फारसा नसतो. जोत्याच्या दक्षिण अंगावरील कैलास हलवणाऱ्या रावणाचा खोल कोरलेला पट मात्र मागाहूनचा असावा.

मराठी परंपरा वेगळी आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’तील कथेनुसार एलु राजाच्या राणीने मंदिराचे शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत घेतले आणि पैठणच्या कोकस नावाच्या स्थपतीने शिखर आधी कोरून तिचा पेच सोडवला. माणिकावती या राणीच्या नावावरून याला माणकेश्वर लेणे असेही नाव मिळाले. कथा शतकांनंतरची असली, तरी कळसाकडून पायाकडे जाण्याची रीत तिने अचूक पकडली आहे. कोकस कुळाचे नाव सांगणारे शिल्पी मध्य भारतातील 11–13 व्या शतकांच्या लेखांत आढळतात, हेही लक्षात घ्यावे.

खोदकाम : डोंगराच्या उतारात दोन समांतर चर आत नेले आणि मागच्या बाजूस आडव्या चराने ते जोडले. मधे उरलेला कातळाचा ठोकळा सु. 60 मी. लांब, 30 मी. रुंद व तितकाच उंच होता. प्रांगण सु. 84 मी. लांब व 47 मी. रुंद असून मागील कडा सु. 33 मी. उंच आहे. कातळ उतरेल तसा उभे राहायचा तळ खाली सरकत असल्याने उंच परांचीची गरज पडली नाही. वरचे नक्षीकाम पुरे करूनच खाली यायचे, कारण नंतर तेथे हात पोचणार नव्हता. बांधीव मंदिरात फुटका दगड बदलता येतो. येथे दगडातील शिरेवर छिन्नी पडून ढलपा निघाला, तर आकृतीच उथळ करावी लागे किंवा गिलाव्याने सांधावी लागे.

काढलेल्या दगडाचे आकडे लोकप्रिय लेखनात मनमानी असतात आणि त्यांवरून हे काम माणसाच्या आवाक्याबाहेरचे ठरवले जाते. संपूर्ण प्रांगण मागच्या कड्याइतकेच उंच धरले आणि मंदिर उभेच नाही असे मानले, तरी सु. 1,30,000 घनमीटर होतात. बेसाल्टच्या घनमीटरला तीन टन धरून चार लाखांच्या आत. कडा दर्शनी बाजूकडे उतरतो आणि मंदिर जागेवर आहे, म्हणून दोन लाख टनांच्या आसपासचा अंदाज ग्राह्य ठरतो. कृष्णाच्या कारकीर्दीएवढ्या 18 वर्षांत वाटला तर तो दिवसाला 30 टन, म्हणजे 300 माणसांमागे माणशी 100 किलो. अमानवी शक्तीची गरज त्यात पडत नाही.

रचना : मंदिर पश्चिमाभिमुख आहे. दुमजली गोपुरातून आत येताच गजलक्ष्मीचा पट समोर येतो. दोन्ही हातांना एकेक हत्ती व सु. 15 मी. उंचीचे ध्वजस्तंभ. नंदीमंडप गोपुराशी व सभामंडपाशी दगडी पुलांनी जोडलेला आहे. मुख्य मंदिर सु. 7.5 मी. उंच भरीव जोत्यावर आहे. हत्ती-सिंहांच्या रांगेने ते पेललेले दिसते. सभामंडपात चार-चारांच्या गटांत 16 स्तंभ, पुढे अंतराळ (गाभाऱ्याआधीचे छोटे दालन) व गाभारा, आणि गाभाऱ्याबाहेरच्या प्रदक्षिणेच्या गच्चीवर पाच उपमंदिरे. द्राविड धाटणीचे शिखर प्रांगणापासून सु. 29 मी. उंच आहे. कर्नाटकातील पट्टदकलच्या चालुक्यकालीन विरूपाक्ष मंदिराशी आराखड्याचे साम्य उघड आहे. चालुक्य सत्ता कृष्णानेच संपवली असल्याने तेथील कारागीर इकडे आले असावेत. जोत्याच्या उत्तर अंगावर महाभारत व कृष्णचरित्र, दक्षिणेस रामायण. प्रांगणाच्या उत्तरेस नदीदेवतांचे मंदिर व वरच्या मजल्यावर लंकेश्वर, दक्षिणेस सप्तमातृकांचे दालन आहे.

मंदिर आज काळे दिसते, पण ते पांढऱ्या गिलाव्याने मढवलेले होते; ‘रंगमहाल’ हे जुने नाव त्यावरूनच पडले. सभामंडपाच्या छतावर चित्रांचे किमान दोन थर ओळखता येतात.

ऱ्हास : दख्खनचा कातळ एकसंध नाही. लाव्हाच्या एकावर एक थरांमधील आडव्या सांध्यांतून व उभ्या भेगांतून पावसाचे पाणी झिरपते, क्षार वर आणते आणि गिलावा व रंग सोडवते. म्हणून डोंगरावरचे पाणी कड्याआधीच चरांनी वळवणे ही येथील जतनाची पहिली गरज ठरते. मंदिरातून दक्षिणेकडील दालनांत जाणारा पूल पडला आहे आणि प्रांगणातील हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत. वेरूळ लेणी 1983 पासून जागतिक वारसास्थळ असून देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे.