सेवांचा प्राधान्यक्रम (लिनक्स)

लिनक्स प्रणालीत पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवांना प्रोसेसरच्या वेळेत किती वाटा मिळावा, हे त्या सुरू होतानाच ठरवून देण्याची पद्धत. कोणती सेवा आधी सुरू व्हावी हा प्रश्न वेगळा. तो सिस्टमडीमध्ये (सेवा सुरू-बंद करणारा व्यवस्थापक) 'आफ्टर' आणि 'बिफोर' या निर्देशांनी सुटतो. दोन्हींची गल्लत फार होते.

प्राधान्याचे जुने माप म्हणजे नाइस मूल्य. ते -२० ते १९ असते. आकडा जितका लहान, तितके प्राधान्य जास्त. काही सांगितले नाही तर ० धरले जाते. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, या आकड्याचे वजनात रूपांतर करतो: ० ला १०२४, ५ ला ३३५. म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणन-घटकावर) अशा दोन प्रक्रिया भिडल्या, तर वेळ साधारण तीनास एक असा वाटला जातो. कोअर रिकामा असेल तर १९ वालीलाही तो पूर्ण मिळतो.

हे काम सुरुवातीलाच करण्याला कारण आहे. अपत्य प्रक्रिया आणि नवे थ्रेड (प्रक्रियेच्या आत समांतर चालणारे धागे) नाइस मूल्य वारशाने घेतात. नंतर रीनाइस (चालू प्रक्रियेचे नाइस मूल्य बदलणारी आज्ञा) चालवले, तर लिनक्सवर ते मूल्य त्या एकाच थ्रेडला लागते, आधीपासून चालू असलेले बाकीचे थ्रेड तसेच राहतात. शिवाय सेवा पुन्हा सुरू झाली की बदल पुसला जातो. सिस्टमडीच्या आधीच्या सिसव्ही इनिट या व्यवस्थेच्या काळात सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच नाइस आज्ञा घालत. सिस्टमडीत 'सिस्टमसीटीएल एडिट' ही आज्ञा देऊन पूरक फाइल उघडावी, 'सर्व्हिस' विभागात 'नाइस=१०' अशी ओळ लिहावी आणि सेवा पुन्हा सुरू करावी. सेवेच्या मूळ युनिट फाइलला (तिची व्याख्या असलेल्या फाइलला) हात लावू नये. पॅकेज अद्ययावत झाले की त्यातला बदल जातो.

तरीही पुष्कळदा ही ओळ लिहून काहीच फरक पडत नाही, आणि त्याचे मूळ सीग्रुपमध्ये, म्हणजे कर्नलने केलेल्या प्रक्रियांच्या गटांमध्ये, असते. स्लाइसमधल्या (सेवांच्या एका मोठ्या गटातल्या) एखाद्या सेवेला 'सीपीयूवेट', म्हणजे गटाचे वजन, दिले, की तिथल्या सर्व सेवांमध्ये वाटणी गटागटाने होऊ लागते. प्रत्येक गटाचे वजन मुळात १०० असते (मर्यादा १ ते १००००), आणि नाइस मूल्य फक्त त्या-त्या गटाच्या आत चालते. अशा वेळी वजनच बदलावे लागते. केवळ बूट होतानाच्या आणि बंद होतानाच्या गर्दीपुरते वेगळे वजन हवे असेल, तर 'स्टार्टअपसीपीयूवेट' आहे.

रिअल-टाइम धोरणे, म्हणजे फिफो आणि राउंड रॉबिन, १ ते ९९ प्राधान्याने सर्व सामान्य प्रक्रियांच्या वर बसतात. फिफोवरची सेवा अनंत चक्रात अडकली तर कोअर जवळजवळ सोडतच नाही. ध्वनीसारख्या वेळकाटेकोर कामाखेरीज ही धोरणे वापरू नयेत. डिस्कसाठी 'आयओशेड्युलिंगक्लास' आहे, पण त्याचा परिणाम आयओ शेड्युलरवर (डिस्कच्या वाचन-लेखनाचा क्रम ठरवणाऱ्या भागावर) अवलंबून असतो. बीएफक्यू हा शेड्युलर तो मानतो.

व्यवहारात महत्त्वाच्या सेवेचे प्राधान्य वाढवण्यापेक्षा बॅकअप, शोधसूची यांसारख्या जड सेवांचे उतरवणे अधिक सुरक्षित ठरते.