कोपऱ्यातल्या कपाटात फिरती फळी आली कुठून

किचनच्या एल आकाराच्या ओट्याखालचं कोपऱ्यातलं कपाट ज्याने वापरलंय त्याला वेगळं सांगायला नको, गुडघ्यावर बसायचं, मान वाकडी करायची, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि तरी सर्वात मागचा डबा बोटांना नुसता लागतो, हातात येत नाही. यावर फिरती फळी हा उपाय आता सगळीकडे दिसतो, कॅरोसेल म्हणा, लेझी सुझन म्हणा. पण ती नवी असताना कशी फिरते आणि पाच वर्षांनी कशी फिरते यात फार फरक असतो, आणि तो का पडतो हे शोधायला लागल्यावर मी जो मागे मागे गेलो तो थेट बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत पोचलो.

कारण फिरती मांडणी ही किचनची कल्पनाच नाही मुळात. चीनमधल्या बौद्ध मठांमध्ये धर्मग्रंथ ठेवायची प्रचंड फिरती कपाटं असायची, त्यातलं एक सोंग राजवटीच्या काळातलं कपाट हबेई प्रांतात झेंगडिंगच्या लोंगशिंग मठात आजही उभं आहे. अष्टकोनी, दुमजली इमारतीएवढं उंच, आणि सगळा भार मधल्या एकाच लाकडी खांबावर, म्हणजे कपाट जमिनीला टेकतच नाही, खांबाच्या तळाशी जे टोक आहे त्यावर सगळं तोललेलं. हे वाचलं तेव्हा मला एकदम जाणवलं की आपल्या ओट्याखालच्या कॅरोसेलची रचना हीच आहे की, मधे दांडा, खाली टेकण, वर नुसता आधार.

नंतर १३१३ साली वांग झेन नावाच्या अधिकाऱ्याने शेतीवरच्या आपल्या ग्रंथात छपाईसाठी फिरतं टेबल वर्णन केलंय. लाकडी सुटे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरांचे ठसे, हजारोंनी, आणि खिळे जुळवणारा माणूस एकेक अक्षर शोधत फिरणार किती, म्हणून त्याने साधारण सात चिनी फूट व्यासाची दोन मोठी गोल टेबलं केली, अक्षरं त्यावर उच्चाराप्रमाणे लावली आणि माणसाला मधे बसवलं. माणसाने अक्षरापाशी जायचं नाही, अक्षर फिरून माणसापाशी येणार. फिरत्या फळीमागचा सगळा विचार एवढाच आहे आणि तो सातशे वर्षांपूर्वी कोणीतरी इतका स्वच्छ मांडून ठेवलाय याचं मला खरंच कौतुक वाटतं.

युरोपात १५८८ मध्ये रामेल्ली या इटालियन अभियंत्याने उभं फिरणारं पुस्तकांचं चाक काढून दाखवलं, पण आपल्या कपाटाचा खरा पूर्वज म्हणजे अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला डम्बवेटर. (नंतर हाच शब्द सामान वरखाली नेणाऱ्या छोट्या लिफ्टला लागला, ती वेगळी.) हा म्हणजे तीन पायांवर उभा एक दांडा आणि त्यावर दोन-तीन गोल फिरत्या तबकड्या, खालची मोठी, वरची लहान. नोकर समोर नसताना पाहुण्यांनी आपलं आपण वाढून घ्यावं, म्हणजे घरातल्या गोष्टी नोकरांच्या कानावर जाऊ नयेत, हा हेतू. आकार बघा, दांडा आणि एकावर एक गोल तबकड्या, हेच पुढे दोनशे वर्षांनी ओट्याखाली शिरलं.

लेझी सुझन या नावाबद्दल खूप गोष्टी फिरतात, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या मुलीवरून पडलं, एडिसनच्या मुलीवरून पडलं वगैरे, पण या दोघांनाही सुझन नावाची मुलगी नव्हती. छापील पुरावा बघायचा तर १९१७ च्या व्हॅनिटी फेअर मासिकातली ओव्हिंग्टन्स या दुकानाची जाहिरात बहुतेक जण दाखवतात, महोगनी लाकडाचं फिरतं तबक, किंमत साडेआठ डॉलर, पण त्याआधीही अमेरिकन वर्तमानपत्रांत हे नाव दिसतं. आणि वस्तू तर त्याहून जुनी, १८९१ साली एलिझाबेथ हॉवेल या बाईंना अमेरिकेत अशा टेबलाचं पेटंट मिळालेलं आहे. चीनमध्ये साथीच्या रोगांवर काम करणारे डॉक्टर वू लिएन-तेह यांनी १९१५ च्या सुमारास आरोग्याच्या कारणाने फिरतं तबक सुचवलं होतं, सगळ्यांच्या जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) एकाच भांड्यात जाऊ नयेत म्हणून. म्हणजे टेबलावरची फिरती फळी वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कारणांनी पुन्हा पुन्हा शोधली.

पण एवढं सगळं होईपर्यंत कोपऱ्याचा प्रश्नच नव्हता! हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. एकोणिसाव्या शतकातल्या पाश्चात्य स्वयंपाकघरात सुटी कपाटं, सुटं टेबल, एकीकडे शेगडी, एकीकडे सिंक. भिंतीला लागून सलग ओटा ही कल्पना नव्हती म्हणून दोन ओटे काटकोनात एकमेकांना भिडून मधे अंधारी जागा तयार होणं पण नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत इंडियानामधल्या हूझियर कंपनीने जे कपाट आणलं, ज्यात पिठाचा डबा, खण, काम करायची फळी सगळं एकत्र, तेही सुटंच होतं, कुठेही उभं करा.

मग आले पावलं मोजणारे. १९१० च्या दशकात अमेरिकन लेखिका ख्रिस्तीन फ्रेडरिक यांनी कारखान्यातलं वेळ आणि हालचालींचं शास्त्र घरात आणलं, कुठली वस्तू कुठे असली की किती पावलं वाचतात याचे नकाशे काढले. त्यांचं लिखाण जर्मनमध्ये भाषांतर होऊन वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी वाचलं आणि १९२६ मध्ये त्यांनी फ्रँकफर्ट किचन डिझाइन केलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर, एवढ्याशा जागेत सगळं हाताशी, आणि अशी सुमारे दहा हजार किचन त्या शहरातल्या नव्या वसाहतींमध्ये बसली. १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा त्रिकोण मांडला गेला, आणि हा त्रिकोण छोटा ठेवायचा तर एल किंवा यू आकाराचा ओटा सोयीचा पडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यात ठराविक मापाची कपाटं बनायला लागली, अमेरिकेत २४ इंच खोल, युरोपात ६० सेंटीमीटर, आणि ती भिंतीला ओळीने लावायची.

अशा दोन ओळी कोपऱ्यात भेटल्या की ६० बाय ६० सेंटीमीटरचा एक चौकोन तयार होतो ज्याला समोर दारच नाही. म्हणजे पावलं वाचवायला सलग ओटा आणला आणि त्या ओट्यानेच हात न पोचणारी जागा जन्माला घातली. तिथे मग कोणीतरी जुनी डम्बवेटरची कल्पना ओट्याखाली नेली.

आता डिझाइनकडे येतो, माझा जीव खरा यातच आहे.

पहिली अडचण भूमितीची. चौकोनात बसणारं सर्वात मोठं वर्तुळ चौकोनाची साधारण ७८.५ टक्के जागा व्यापतं, उरलेली २१.५ टक्के चार कोपऱ्यांत वाया, यावर वाद घालता येत नाही, ते π (पाय) या संख्येचं गणितच आहे. म्हणून आकार बदलत गेले. पूर्ण गोल, मग किडनीच्या आकाराची, मग पाय-कट म्हणतात ती (हा पाय म्हणजे इंग्रजी pie, गोल पदार्थाचा तुकडा कापून काढल्यासारखी), समोरून काटकोनात खाच असलेली. या पाय-कटमध्ये दार फळ्यांनाच जोडलेलं असतं, ढकललं की दारासकट सगळं आत फिरतं आणि एक चक्कर मारून परत जागेवर. दिसायला फार सुंदर, करायला फार अवघड, कारण दार बंद झाल्यावर शेजारच्या दाराशी फट सारखी दिसली पाहिजे, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूने दर वेळी मिलिमीटरच्या हिशोबात त्याच जागी थांबायला हवं. त्यासाठी दांड्याच्या तळाशी उताराची खाच असते, फिरताना सगळा डोलारा किंचित वर चढतो आणि जागेवर आला की स्वतःच्या वजनाने खाचेत उतरतो. स्प्रिंग नाही काही नाही. ही खाच झिजली की दार वाकडं थांबायला लागतं, लोक बिजागरी शोधत बसतात आणि बिजागरी तिथे नसतेच.

दुसरी अडचण, भार एका बाजूला. आपण फळीवर सामान तोलून थोडंच ठेवतो, जड वस्तू समोर हाताशी आणि मागे रिकामे डबे. समजा १० किलो वजन मध्यापासून ३० सेंटीमीटरवर आहे. मधे दांडा असेल आणि त्याचे वरचे-खालचे आधार ७० सेंटीमीटर अंतरावर असतील तर प्रत्येक आधारावर चार-साडेचार किलोचा आडवा रेटा येतो, कायमचा, रात्रंदिवस. खालचं टेकण प्लास्टिकचं असेल तर ते गोल झिजणार नाही, लंबगोल झिजणार.

माझ्या घरच्या कॅरोसेलला हेच झालं होतं. फिरवताना आधी कुरकुर, मग एका ठिकाणी अडल्यासारखं, मग खालची फळी कपाटाच्या बाजूला घासून लॅमिनेटवर चंद्रकोरीसारखा चरा. सगळं उपसून दांडा वर उचलला तर खाली टेकणात सांडलेली साखर, धूळ आणि झिजलेल्या प्लास्टिकचा भुगा यांचा काळा लगदा, आणि भोक एका अंगाने स्पष्ट रुंदावलेलं, बोट फिरवलं की कळत होतं. म्हणजे तेल सोडून काही उपयोग नव्हता, तेलाने तो लगदा अजून घट्ट झाला असता.

यावर दुसरा रस्ता म्हणजे दांडाच काढून टाकायचा. कपाटात पक्की फळी, तिच्यावर छऱ्यांची चकती आणि त्यावर फिरती फळी, याला सुपर सुझन म्हणतात. यामागे बेअरिंगचा मोठा इतिहास आहे. १७९४ मध्ये वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी गाडीच्या आसासाठी छऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं, पण छरे अगदी एकसारखे गोल बनवायचे कसे हा प्रश्न होता, तो १८८३ मध्ये जर्मनीत श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिक फिशर यांच्या घासयंत्राने सुटला आणि सायकलींमुळे बेअरिंग स्वस्त झाली. डम्बवेटरच्या काळात लाकूड लाकडावर किंवा धातूवर घासतच फिरायचं. आज पत्र्याच्या दोन चकत्या दाबून मधल्या खाचेत छरे भरलेली बेअरिंग अगदी सहज मिळते, त्यामागे हे सगळं आहे.

पण इथे छऱ्यांच्या रिंगणाचा व्यास बघायलाच पाहिजे, आणि नेमकं तेच लोक बघत नाहीत. परत तेच १० किलो ३० सेंटीमीटरवर धरा. रिंगण ३० सेंटीमीटर व्यासाचं असेल तर पलीकडची बाजू साधारण ५ किलोच्या जोराने वर उचलली जाते, रिंगण १५ सेंटीमीटरचं असेल तर १५ किलोच्या जोराने. (फळीचं स्वतःचं वजन थोडी मदत करतं, ते सोडून देऊ.) पत्र्याची दुमडलेली कड हा जोर धरून ठेवते, ती उघडायला लागली की फळी डुलते आणि मग सगळं संपलं. म्हणून बेअरिंग नुसतं किती किलोचं आहे हे विचारून भागत नाही, पेटीवर लिहिलेलं वजन मधोमध ठेवलेल्या भाराचं असू शकतं. बसवताना अजून एक गंमत, चकतीचे खालचे स्क्रू मारले की वरचे मारायला हात कुठून जाणार? म्हणून एका चकतीत एक मोठं भोक ठेवलेलं असतं, पक्क्या फळीलाही त्याच्या खाली भोक पाडायचं, त्यातून स्क्रू ड्रायव्हर घालून एक स्क्रू मारायचा, चकती फिरवायची, पुढचा स्क्रू. हे भोक कशासाठी ते माहीत नसलं तर अर्धा दिवस जातो, माझा गेलेला आहे.

तिसरी गोष्ट सहज फिरण्याचीच. बेअरिंग जितकं चांगलं तितकी फळी जोरात फिरते आणि उंच बाटल्या पडतात. ३० सेंटीमीटर उंच, ७ सेंटीमीटर रुंद बाटली, कडेला म्हणजे मध्यापासून ३५ सेंटीमीटरवर ठेवली तर अडीच सेकंदात एक चक्कर एवढ्या वेगालाच ती बाहेर कलंडायच्या बेतात येते, आणि मधेच कचकन थांबवलं तर त्याआधीच. आणि पडलेली बाटली फळी आणि कपाटाच्या मधे अडकली की फळी अजिबात हलत नाही, हात घालायला पण जागा नाही. म्हणून कडेला कठडा हवा, तळाला रबरी मॅट हवी आणि फिरण्याला थोडा, मुद्दाम ठेवलेला, सगळीकडे सारखा विरोध हवा. स्मूथ म्हणजे हलकं असं आपण धरून चालतो, पण हाताला स्मूथ लागतं ते एकसारखं, अडखळ न येता फिरणारं.

अलीकडे जर्मनीच्या केसबोमर कंपनीचा ल मां नावाचा प्रकार आला, त्यात फळी आतल्या आत गोल न फिरता वळणदार तबकडी पूर्ण कपाटाबाहेर येते, आणि ऑस्ट्रियाच्या ब्लुम कंपनीने तर कोपऱ्यातच खण बसवला, ज्याचं पुढचं तोंड काटकोनी. दोन्हीत हात आत घालावाच लागत नाही. पण यंत्रणा जास्त, जोड जास्त, आणि भिंती अगदी काटकोनात नसतील तर जुळवताना त्रास जास्त. मी स्वतःच्या कपाटात शेवटी दांडा काढला आणि ३० सेंटीमीटरच्या चकत्या टाकल्या, त्यांवर दोन फळ्या, दोन्ही वेगवेगळ्या फिरणाऱ्या, कठडा पाच सेंटीमीटरचा. लॅमिनेटवरचा चंद्रकोरीचा चरा तसाच ठेवलाय, फळी आता त्याच्यापासून एक बोट अंतरावरून जाते.