निळं जेन्शियन: वसंतातलं आणि शरदातलं

ब्रिटनमध्ये रॉक गार्डनसाठी जेन्शियन घ्यायला गेलं की दोन नावं हमखास समोर येतात: जेन्शियाना अकॉलिस आणि जेन्शियाना सायनो-ऑर्नाटा. आपल्या काडेचिराईताच्याच कुळातली ही झाडं. दोन्ही बहुवर्षायू, जमिनीलगत पसरणारी, दोन्हींना गर्द निळे कर्णे. फोटोवरून निवड केली तर फसायला होतं, कारण मातीच्या बाबतीत त्यांच्या मागण्या अगदी वेगळ्या आहेत.

अकॉलिस आल्प्स-पिरेनीजमधलं. पानं रुंद, जाडसर, हिवाळ्यातही हिरवी. एप्रिल-मेमध्ये जवळजवळ देठाविना पाचेक सेंटिमीटर लांबीचं फूल येतं. आत डोकावलं तर घशाशी हिरवट ठिपके दिसतात. त्याला भरपूर ऊन, खडी मिसळलेली निचऱ्याची माती लागते. बागेच्या मातीत चुना असला तरी ते सहसा कुरकुरत नाही. फुलण्याच्या बाबतीत मात्र महा लहरी! एका बागेत निळा सडा, तर शेजारी तशाच मातीत एक कळी नाही. अशा वेळी खतांचा मारा करण्यापेक्षा झाड उचलून दुसऱ्या उन्हाच्या जागी लावावं आणि मुळांभोवतीची माती घट्ट दाबावी.

सायनो-ऑर्नाटा चीनच्या युन्नानमधलं. स्कॉटिश वनस्पती-संग्राहक जॉर्ज फॉरेस्टला ते 1904 मध्ये सापडलं. पानं गवतासारखी बारीक, फुलाच्या बाहेरच्या अंगाला पिवळट-हिरवे आणि गडद पट्टे. बाग निवत चाललेली असताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे बहरतं, आणि माती मानवली तर न चुकता बहरतं. माझा कौल म्हणूनच याला. पण चुना याला मुळीच सोसत नाही. मातीचा सामू (आम्लता दाखवणारा pH अंक) चढा असेल तर मुळांना लोह घेता येत नाही, पानं पिवळी पडतात आणि झाड खंगत जातं. पानखत घातलेली, ओल धरणारी आम्लधर्मी माती त्याला हवी. लंडनकडच्या नळाचं पाणी चुनखडीचं, तिथे पावसाचं पाणी साठवून घालावं. स्कॉटलंडच्या ओलसर हवेत ते खुशीत वाढतं. दर दोन-तीन वर्षांनी, वसंताच्या तोंडाशी, त्याचे गड्डे सोडवून मुळांचे झुबके वेगळे लावले की बहर टिकतो.

नर्सरीत फूल नसेल तर पानाची रुंदी बघा, आणि पैसे देण्याआधी घरच्या मातीचा सामू तपासा. चुनखडीची जमीन असूनही सायनो-ऑर्नाटाच हवं असेल, तर ते चुनाविरहित माती भरलेल्या खोल कुंडीत लावा.