त्सुशिमा आणि शॅडोज, दोन्ही सामुरायवालेच ना?

कोणी विचारलं की "तो जपानवाला ओपन वर्ल्ड गेम घेऊ का, पैसे वसूल होतात का", तर आधी उलट विचारावं लागतं, कुठला रे? घोस्ट ऑफ त्सुशिमा की असॅसिन्स क्रीड शॅडोज? दोन्ही ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या नकाशात हवं तिकडे भटकायचे व्हिडिओ गेम. स्क्रीनशॉट बघून भले भले गंडतात, दोन्हीकडे लाल पानांची झाडं, घोडा, कटाना आणि मागे एखादं देऊळ. आणि मग एकाची अपेक्षा धरून दुसरा घेतात आणि दहा तासांनी म्हणतात, मजा नाही आली यार.

काळाचं आधी उरकून टाकतो. त्सुशिमा घडतो 1274 मध्ये, जपान आणि कोरियाच्या मधल्या बेटावर, मंगोल फौज कोमोदाच्या किनाऱ्यावर उतरते तिथून. हल्ला खराखुरा झालेला आहे, सो सुकेकुनी नावाचा तिथला सरदार साधारण 80 घोडेस्वार घेऊन लढला आणि मेला. आपला हिरो जिन साकाई मात्र काल्पनिक, आणि तो जो कटाना फिरवतो आणि निवांत बसून हायकू रचतो ते दोन्ही त्या काळाच्या नंतरचं, पण खेळताना त्याने काही बिघडत नाही. शॅडोज सुरू होतो त्यानंतर तीनशे वर्षांनी, 1579 ला. ओदा नोबुनागा हा बलाढ्य सरदार देश एकत्र करायला निघालाय, पोर्तुगीज 1543 पासून येऊन बसलेत त्यामुळे बंदुका आहेत, आणि 1581 मध्ये नोबुनागाच्या सैन्याने इगा प्रांत चिरडला ते प्रकरण कथेच्या मुळाशी आहे. यात हिरो दोन. नाओए ही इगाची शिनोबी, म्हणजे निंजा, काल्पनिक. यासुके हा आफ्रिकेतून आलेला, नोबुनागाच्या पदरी असलेला, आणि तो इतिहासात खरंच होता.

आता मुद्द्याचं. त्सुशिमाची खरी मजा रस्त्यात आहे. स्क्रीनवर मिनीमॅप नाही, कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो आणि जिथे जायचंय त्या दिशेला गवत झुकायला लागतं, बास, एवढंच नेव्हिगेशन. त्यामुळे होतं काय की तुम्ही कोपऱ्यातल्या ठिपक्याकडे न बघता समोर बघता, आणि समोर काहीतरी दिसतंच, कुठे धूर, कुठे पिवळा पक्षी घोड्यापुढे उडत चाललाय, कुठे कोल्हा उभा राहून वाट बघतोय. त्यात मग वाटेत पाच-सहा मंगोल भेटतात, तुम्ही त्यांना ललकारता, बटण धरून ठेवायचं, समोरचा हुलकावणी देतो, खरंच धावून आला की सोडायचं, एका वारात आडवा. तलवारवाल्याला एक पवित्रा, ढालवाल्याला दुसरा, भालेवाल्याला तिसरा, धिप्पाड गड्याला चौथा, आणि हे बोटांत बसलं की दहा जण अंगावर आले तरी हात थांबत नाही.

लीथल नावाची अवघड पातळी लावली तर अजून भारी, ते दोन वारात मरतात आणि तुम्हीपण.

कमी काय, तर लपूनछपून खेळणं साधंच आहे, गवतात बसा, शिट्टीसारखं काहीतरी करून बोलवा, भोसका. आणि शेवटच्या भागात, कामिआगाताच्या बर्फात पोचेपर्यंत कोल्ह्यांच्या मागे पळायचा कंटाळा आलेला असतो.

शॅडोजचं बरोब्बर उलटं. रस्ता सुंदर आहे, ऋतू बदलतात, पण मधलं जंगल इतकं दाट आणि डोंगर इतके चढे की वाट सोडली की अडकलात. मजा सुरू होते किल्ल्याच्या भिंतीशी. रात्री नाओए पोटावर झोपून सरकत येते, शुरिकेन (फेकायची धारदार चकती) मारून दिवा विझवते, अंधार झाला की पहारेकऱ्याच्या अगदी शेजारून जाते, हुक टाकून छपरावर. नोकरचाकर पण डोळे ठेवून असतात, एकाने बघितलं की ओरडत पळणार. आणि तिजोरी उघडायची तर किल्ल्यातले ठरावीक सामुराय आधी मारावेच लागतात, म्हणजे नुसतं घुसून भागत नाही, सगळा वाडा पिंजून काढावा लागतो. हिवाळ्यात तळं गोठतं, उन्हाळ्यात ज्या पाण्यात बुडी मारून लपलेलात तिथे आता लपायची सोय नाही. लपूनछपून खेळण्याचं इतकं बारीक काम त्सुशिमात शोधून सापडणार नाही.

यासुके घेतला की वेगळाच गेम, दार खांद्याने फोडायचं आणि समोर येईल त्याला लोळवायचं. पण तो भिंती नीट चढत नाही, आणि उंचावरून गवताच्या गाडीत उडी मारली तर गाडीच मोडतो (हे बघायला एकदा तरी कराच). मला वाटतं बहुतेक लोक लढाईपुरता यासुके घेतात आणि बाकी वेळ नाओएवरच राहतात.

शॅडोज जिथे मार खातो ते म्हणजे लेव्हलचा हिशोब. प्रत्येक प्रांताला आकडा, प्रत्येक शत्रूला आकडा, आणि वरची कौशल्यं उघडायला नॉलेज पॉइंट लागतात, ते मिळवायला मंदिरात हरवलेली पानं गोळा करा, नाहीतर ध्यानाला बसून बटणं दाबा. गोष्टीचंही तसंच, सुरुवात जोरदार, मग मारायच्या मुखवटेवाल्या खलनायकांची यादी हातात येते आणि जो तो आपापल्या कोपऱ्यात, कुठलाही आधी मारा, त्यामुळे मधे ताण राहतच नाही. त्सुशिमात जिन आणि त्याच्या मामांचं भांडण एकच, पण शेवटपर्यंत घट्ट धरून ठेवतं.

म्हणून मला विचाराल तर पहिल्यांदाच असा गेम घेणाऱ्याने त्सुशिमा घ्यावा, तो पीएस4 (प्लेस्टेशन 4) वरपण चालतो, मे 2024 पासून पीसीवरही आलाय, आणि डायरेक्टर्स कट या वाढीव आवृत्तीत इकी बेटपण मिळतं. शॅडोजला पीएस4 चालत नाही. जुने असॅसिन्स क्रीड खेळलेल्या आणि छपरावर बसून तासभर पहारे मोजण्यात ज्याला सुख आहे त्याने सरळ शॅडोज घ्यावा. फक्त पहिल्या दिवशीच सेटिंगमध्ये जाऊन खात्रीशीर असॅसिनेशनचा (लपून केलेल्या एका वारात माणूस मरतोच, असा) पर्याय चालू करा, नाहीतर दबकत दबकत मागून जाऊन पातं खुपसाल आणि आकड्याने मोठा असलेला तो माणूस अर्धी लाइफ घेऊन तुमच्याकडे वळून बघेल. आणि भाषा इमर्सिव्ह मोडवर ठेवा, जपानी लोक जपानी बोलतात आणि पाद्री पोर्तुगीज.